खाली नाव घालतूस का?

नाक्यावरच्या शिपायानं माझं गाठोडं सोडलं, भाकरी उलटसुलट करून पाहिल्या, चटणीचं फडकं हुंगलं आणि सगळं परत बांधायचं काम माझ्यावर टाकून तो विडी ओढायला गेला. नाक्याच्या अलीकडे निजामाची हद्द, पलीकडे परमुलूख, म्हणजे इंग्रजांचा. निंबर्ग्याहून आम्हाला घेऊन आलेली बैलगाडी इथूनच माघारी फिरणार होती. गावातल्या मास्तरांनी खटपट करून पुण्याच्या एका वसतिगृहात माझी सोय लावली होती आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, मला इथवर पोचवायला आले होते. बापानं लेकाला निरोप देताना जे काही सांगायचं असतं, अभ्यास कर, जिवाला जप, ते त्यांनी काहीच सांगितलं नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "तिकडं काय बी हो. पर लिवणारा होऊ नको."

परमुलखातल्या वाचकांना हे नवल वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे लिहिणाऱ्या माणसांना नावांची कमी नव्हती. जमिनीचं लिहितो तो पटवारी. कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देतो तो अर्जनवीस. शेठजीच्या पेढीवर मुनीम. छापायच्या दगडासाठी उर्दू अक्षरं वळणदार काढतो तो कातिब. हे सगळे लिहीत, पण त्यांना कुणी लिवणारा म्हणत नसे. लिवणारा म्हणजे दुसऱ्यावर निनावी अर्ज करणारा. 'अमक्यानं लिवलं' एवढं म्हटलं की पुरे; काय लिहिलं हे विचारायची गरज नसे, कुणावर लिहिलं एवढंच लोक विचारत.

आमच्या धाकट्या काकावर असंच कुणीतरी लिहिलं होतं. नाका चुकवून तो कापड आणतो असं. काका मेंढरांमागं फिरणारा माणूस, त्याच्या अंगावर धड कापड नव्हतं, तर तो आणणार कुठून आणि विकणार कुणाला? तरी त्याला धरून नेलं. परत आला तेव्हा तो फारसा बोलेनासा झाला होता. अर्जाखाली नाव नव्हतं, त्यामुळे राग काढायला माणूसही मिळाला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस अप्पा पारावर बसलेल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत. बोटाला शाई दिसते का ते बघत असतील.

आणि मी पुण्यात जाऊन नेमकं तेच झालो. आता तिथल्या शब्दांची गंमत ऐका. पुण्यात लेखक वेगळा, साहित्यिक वेगळा आणि ग्रंथकार तर आणखी वरच्या पाटावर बसणारा. सांगितलेलं उतरवून घेतो तो लेखनिक. त्याला कुणी लेखक म्हटलं तर लेखकांना राग येई. कुणाची टर उडवायची असली की त्याला लेखकराव म्हणत. आणि ज्याचं खरोखर नाव झालेलं असे, तो स्वतःला यातलं काहीच म्हणवून घेत नसे. तो मान जरा कलती करून म्हणे, "लिहितो आपलं काहीबाही." मी पहिल्यांदा खोलीतल्या मुलांना सांगितलं की मी गोष्ट लिवायलोय, तेव्हा ती पोट धरधरून हसली. 'लिवायलोय' हा शब्द त्यांनी महिनाभर मला चिडवायला वापरला. मग मी तो टाकून दिला. 'लिहीत आहे' म्हणायला शिकलो. काहीबाही म्हणताना मान कलती करायलाही शिकलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एका मासिकानं माझी गोष्ट घेतली आणि तिच्यावर नाव घालायची वेळ आली, तेव्हा मी बिराप्पा सिद्राम मेत्रे हे नाव लिहून स्वतःच खोडलं. संपादकांनी सुचवलं नव्हतं, कुणी काही म्हटलंच नव्हतं. त्या जागी मी लिहिलं 'रजनीनाथ'. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला रजनीनाथ! मित्रांना सांगितलं, आमचं घर निजामाच्या राज्यात, तिकडे माणसांना त्रास नको म्हणून टोपणनाव घेतलं. मित्रांनी माना डोलावल्या. त्या गोष्टीत एक बाग होती, एक विरही तरुणी होती, आणि निजाम औषधालाही नव्हता. मला बिराप्पा या नावातल्या अप्पाची लाज वाटली होती. नावातल्या आणि घरातल्याही. हे आज लिहितानाही कान तापतात.

पुढे धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, जमायला लागलं म्हणून मी गावी गेलो. स्थळ निजामाच्याच हद्दीतल्या कल्याणकडचं होतं, घरचं बरं होतं, आणि शेवंताला मुलगा पसंत होता हे तिच्या चुलीपुढच्या गुणगुणण्यावरून कळत होतं. मी गिरणीत नोकरीला लागलो आहे असं अप्पांनी पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं. पण सोलापूरला माल नेणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं पाहुण्यांच्या कानावर वेगळंच घातलं होतं. पोहे खाऊन झाले, आणि मुलाच्या वडिलांनी ताटली बाजूला सारून विचारलं, "तुमचा थोरला तिकडं लिवतो म्हणं?"

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. लिवणाऱ्याच्या घरची सोयरीक कोण करणार? अप्पांनी मान खाली घातली. गिरणीचं खोटं उघडं पडलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "लिवतूस व्हय?"

"व्हय."

"खाली नाव घालतूस का?"

आत शेवंता दाराला टेकून उभी असणार हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "घालतो."

अप्पांनी मान वर केली. पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "ऐकलं न्हवं? आपलं नाव घालून लिवायलंय पोरगं. त्यात बापाचं बी आलं."

सोयरीक जमली. पान पुढे आलं, ते मी हातातच धरून ठेवलं. खोटं बोलल्याचं मला एवढं लागलं नाही. शेवंतासाठी मी आणखीही खोटं बोललो असतो. पण बापाचं नाव खोडून आलेल्या पोराकडे बघून माझ्या बापाची मान चारचौघांत वर झाली होती. निघताना शेवंतानं नाव छापलेला अंक मागितला. पाठवतो म्हणालो. मग विचारणं झालं की अंक संपले, टपाल नीट नाही, असं सांगत राहिलो. अप्पांना वाचता येत नाही. आपलं नाव कुठं आहे तेवढं बोट ठेवून दाखव, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं आहे म्हणे.

आता निजामाचं राज्य गेलं. घरी जाताना गाठोडं हुंगायला कुणी उरणार नाही असं म्हणतात. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यापैकी बरेच जण आता घर कुठलं म्हटलं की सोलापूर, पुणे सांगून मोकळे होतात. मीही सांगत होतो. पण कुणी लेखक म्हटलं की आजही मला आधी नाक्यावरचा तो बैल आठवतो आणि त्याच्या पाठीवरचा हात. पुण्यात मला सगळे विचारतात, कशावर लिहिता? कुणावर लिहिलंस आणि नाव घातलंस का, हे विचारणारं माणूस एकाच घरात आहे, आणि माझं घर ते.

हा अंक मी शेवंताच्या पत्त्यावर पाठवणार आहे. तिच्या सासरी तो वाचला जाईल आणि त्या दिवशीचं माझं 'घालतो' काय होतं तेही सगळ्यांना कळेल. अप्पा, तुम्ही नको म्हणाला होता, तरी तुमचं पोरगं अखेर लिवणारा झालं. या खेपेला मी स्वतःवरच लिवलंय. शेवंता, खाली नाव आहे. माहेरी गेलीस की अप्पांचं बोट धरून तिथं ठेव.

बिराप्पा सिद्राम मेत्रे
निंबर्गा