गणिताच्या बाईंचं बिऱ्हाड

त्या बेटावर शिक्षक टिकत नाहीत याला कारण पोरं नव्हेत, छपरं. बेट एवढंसं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला काढा उकळायला लागतो, असं तिथलेच लोक म्हणतात. समुद्र सुंदर, हवा निवांत, म्हणून पर्यटकांची रीघ आणि जागेचे भाव आभाळाला भिडलेले. साधं लिंबूही बोटीने येतं आणि बोटीचं भाडं अंगावर घेऊनच दुकानात बसतं.

गणिताच्या बाई इथे आल्या त्या कायम नोकरीसाठी. शहरात त्या वर्षानुवर्षं हंगामी शिक्षिका होत्या. सुट्टी लागली की नोकरी सुटायची, शाळा उघडली की पुन्हा हात जोडायचे. नवरा बस डेपोत मेकॅनिक. त्याची नोकरी हलण्यातली नव्हती. मुलगी आठ वर्षांची, घरात सगळे तिला ठमी म्हणत. ठरलं असं, की बाईंनी आधी जाऊन बस्तान बसवायचं आणि मग ठमीला आपल्याजवळ आणायचं. तोवर आजी सांभाळेल.

हेडसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, इथे वर्षाचे दोन भाग. एक आपला, एक पाहुण्यांचा." बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

खोली मिळाली ती मावशींकडे. मावशी म्हणजे घरमालकीण, पण सारं बेट तिला मावशीच म्हणे. दर्शनी खोली, समुद्राकडे खिडकी. भाडं वेळेवर देणाऱ्याला कोण कशाला उठवतंय, हा शहरातला हिशोब धरून बाईंनी दिवाळीआधीच ठमीला बोलावून घेतलं असतं. पण हेडसर म्हणाले, सहामाही होऊ द्या. सहामाही झाली, ठमी आली. एका खाटेवर दोघी झोपायच्या. सकाळी खिडकीत बसून वेण्या, मग बरोबरच शाळेत. फाटकापर्यंत ठमी "आई" म्हणायची, फाटक ओलांडलं की "बाई". हा नियम तिनेच केला होता आणि कधी चुकत नव्हती.

मग एके दिवशी मावशी खांद्यावर पांढऱ्याशुभ्र चादरी टाकून दारात उभी राहिली.

"शनिवारी पाहुणे उतरतायत हो, बाई."

"अहो मावशी, पण आम्ही राहतोय ना इथे!"

"मग मी काय राहत नाही? मी चालले मागच्या पडवीत. घर माझं आणि चूल माझीच बाहेर. सीझन नसता तर हे घर मी केव्हाच विकलं असतं." मावशीच्या बोलण्यात कसलाही राग नव्हता. "विज्ञानाच्या सरांना विचारा. ते दर सीझनला होडीच्या शेडमध्ये जातात. झोप छान लागते म्हणतात."

शनिवारी सगळ्या बेटाच्या गाद्या पुढच्या दारातून निघून मागच्या दारी गेल्या. बाई घरोघर फिरल्या. चहा सगळ्यांनी दिला, खोली कुणीच नाही. शेवटी हेडसरांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली. दोन बाकं जोडून पलंग झाला. पहिल्या घंटेच्या आत अंथरूण कपाटामागे जायला हवं, एवढीच अट.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन.

"काय, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर?"

"विंचू बरा. त्याला चादरींच्या घड्या घालाव्या लागत नाहीत."

"मग ये परत."

"आणि पुन्हा हंगामी होऊ?"

त्याने विषय बदलला. मग म्हणाला, "आई विचारतेय, ठमीला कधी पाठवतेस?"

"आई विचारतायत की तुम्ही?"

"दोघंही. डेपोतलं कुत्रंसुद्धा."

प्रयोगशाळेत राहायला लागल्यापासून ठमीला ओलांडायला फाटक उरलं नव्हतं. ती आईही म्हणेना आणि बाईही. काही हवं असलं की नुसती जवळ येऊन उभी राहायची. बाईंच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्या फळ्यावर अपूर्णांक शिकवत होत्या. त्यांनी उदाहरण पुसून पुन्हा घातलं.

एका सकाळी चादरीची दोन टोकं धरून ठमी म्हणाली, "मी आजीकडे जाऊ?"

"का गं? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही."

"मग?"

"शाळा सुटतच नाही इथे." घडी जुळवून तिने चादर आईच्या हातात दिली. "सीझन संपला की येईन ना."

खरं तर समजूत बाईंनी घालायची. तीच बाईंची समजूत घालत होती.

नवरा न्यायला आला. सीझनमध्ये बोट येताना खचाखच भरलेली येते आणि जाताना रिकामी जाते. बाप-लेकीला अख्खी बोट मोकळी होती. मागच्या बाकावरून धक्का बराच वेळ दिसतो, म्हणून ठमी तिथे बसेल असं बाईंना वाटलं. ठमीने दोन-तीन जागा बदलून पाहिल्या आणि सरळ पुढे जाऊन बसली. तिथून आजीचा किनारा आधी दिसतो. नवरा तेवढा मागे आला आणि दोघांच्या वतीने हात हलवत राहिला. बाईंचा पुढचा तास सातवीवर होता. त्या वेळेवर पोहोचल्या.

नोकरी त्यांनी सोडलेली नाही. खोलीचा शोध चालू आहे. पालकसभेत एखादी आई विचारते, "आमचं कार्टं गणितात कसं आहे हो?" बाई नीट सांगतात, कुठे चुकतं, काय करून घ्यायला हवं. ती उठायला लागली की आवाज उतरवून म्हणतात, "एक विचारू? तुमची ती मागची खोली... बारा महिने द्याल का? मी आणि मुलगी, दोघीच."

"मागची?" ती आई खरोखरच ओशाळते. "अहो बाई, सीझनला तिथे आम्हीच सहा जण असतो."