खोली क्रमांक सातमधले प्रवेश

नोटीस मीच लिहिली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. ‘प्रवेश : शनिवारी सकाळी अकरा वाजता, खोली क्रमांक सात.’ नगरच्या आमच्या कॉलेजात नाट्यमंडळाचा मी त्या वर्षीचा विद्यार्थी-प्रमुख होतो. नाटकातला छोटा तुकडा म्हणजे प्रवेश, हे इतकं अंगवळणी पडलेलं की ॲडमिशनलाही प्रवेशच म्हणतात आणि त्यांचा हंगाम ऐन भरात आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

त्या दिवशी आमचे तीन प्रवेश होते आणि चौथा शेवगावच्या कॉलेजातून येणाऱ्या मुलांचा, शेतकरी बाप आणि त्याच्या मुलीचा. सव्वाअकराला दारात एक टोपीवाले गृहस्थ आणि प्लास्टिकची फाईल छातीशी धरलेली मुलगी येऊन उभी राहिली.

“हितंच प्रवेश हाय ना?” त्यांनी विचारलं.

“हो, बसा. नंबर आला की सांगतो.”

पन्नाशीचा माणूस विद्यार्थी कसा, असा प्रश्न मला पडला. पण शिक्षकच काम करत असतील, असं म्हणून मी तो सोडवून टाकला. कपडेपट मात्र झकास जमवलाय, असंही मनात आलं.

दोघं दीड तास मुकाट बसून होती. आमचा तिसरा प्रवेश सरकारी कचेरीचा होता. तो संपला तरी कारकून झालेला माझा मित्र टेबलामागेच घुटमळत होता. मी घाईघाईने त्या दोघांना म्हणालो, “चला, तुमचा नंबर.” गृहस्थ थेट टेबलाशी गेले आणि त्यांनी फाईल पुढे केली. मित्र क्षणभर गडबडला. मग त्यालाही चेव चढला.

“झेरॉक्स कुठाय? सही कुठाय? सोमवारी या!”

“न्हाई ओ साहेब, आज शेवटचा दिस हाय. लई लांबून आलोय, काष्टीवरनं.” त्यांनी हात जोडले.

पोरं खदाखदा हसली, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय नैसर्गिक अभिनय, असं वाटत होतं, तेवढ्यात दारातून पाच-सहा मुलं धापा टाकत आत आली. “सॉरी, शेवगावची एसटी पंक्चर झाली.”

मी त्यांच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. मग हे कोण? फाईल ओढून उघडली. खरी मार्कशीट, खरा दाखला, बीएस्सीचा अर्ज. कागद जमा करायची मुदत त्याच दिवशी एकपर्यंत होती आणि एकला दहा कमी होते.

आम्ही पळालो. ऑफिसची खिडकी बंद होता होता मी हात घातला. तिथल्या कारकुनानेही झेरॉक्सवरून आवाज चढवलाच, पण अर्ज घेतला. मुलीला पुढे प्रवेशही मिळाला.

बाहेर व्हरांड्यात मी काकांची माफी मागायला लागलो. त्यांना नेमकं काय झालं तेच कळेना. “मघाचे साहेब लई कडक हुते बाबा,” एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला नळावर गेले. खरं काय ते सांगायला मी त्यांच्यामागे निघालो.

मुलगी हळूच म्हणाली, “त्यांना नका सांगू.”

“म्हणजे तुला कळलं होतं?”

“त्या साहेबाची मिशी खोटी हुती. सुटली हुती एका बाजूनं.”

“अगं, मग बोलायचं ना! वर्ष गेलं असतं तुझं.”

तिने नळाकडे बघितलं. “पप्पा हात जोडून उभे हुते. सगळे हसत हुते. तवा कसं सांगू त्यांना, की ते खोटं हाय?”