मामा नक्की कुणाचे

मामा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत, चुलीकडे बघायचे. चूल पेटलेली असली तर हुश्श करून उंबऱ्याशीच टेकायचे. विझलेली दिसली तर एक शब्द न बोलता बाहेर पडायचे आणि थोड्या वेळाने कुणाच्या तरी घरचं पिठलं-भात घेऊन परत यायचे. बारा महिने काखेत छत्री. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

मला ते पहिल्यांदा दिसले परळच्या इस्पितळात, आमच्या ह्यांच्या उशाशी. हे लालबागच्या गिरणीत कामाला होते. खोकला धरला, मग रक्त पडू लागलं, आणि खाट धरली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा संचारबंदी. डोकी फुटलेली पोरं इस्पितळात जमिनीवर निजवलेली. त्या गोंधळात हा अनोळखी म्हातारा ह्यांना चमच्याने पेज भरवत होता. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सूनबाय, तुझो मामा इलो हा, पाणी दी."

माझ्या आईला भाऊच नव्हता. पण लग्नाला तीनच वर्षं झालेल्या सुनेने सासूची चूक दाखवायची नसते. असतील सासरकडचेच कुणी दूरचे मामा, सासूबाईंना काळजीने आठवत नसेल, असं म्हणून मी पाणी दिलं. त्यांनीही ते घरच्यासारखं प्यायलं.

इंजेक्शनं बाहेरून आणावी लागत. चिठ्ठी घेऊन मी औषधाच्या दुकानात जावं, तर दुकानदार म्हणायचा, तुमचे मामा आत्ताच घेऊन गेले. पैसे कुणाचे, कळायला मार्ग नाही. विचारलं की मामा म्हणत, "दिले कुणीतरी. तुम्ही पेशंटजवळ बसा." एकदा मी पाटल्या काढून पदराला बांधल्या, विकायला. तर माझ्यावर खेकसलेच. "परत घाला त्या. त्याने डोळे उघडले तर पहिल्यांदा तुमचे हातच बघेल."

ह्यांनी डोळे मिटले ते नेमके हरताळाच्या दिवशी. दुकानं बंद. बांबू नाही, मडकं नाही, कापड नाही. आणि इस्पितळाचं देणं चुकतं झाल्याशिवाय ह्यांना घरी नेता येत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले होते. मामा चालत निघाले. दुपारपर्यंत माझगावहून बांबू आला, कॉटन ग्रीनहून मडकं आलं, फणसवाडीहून कापड आलं, आणि इस्पितळाचं देणंही चुकतं झालं. रडता रडताही माझ्या मनात येत होतं, की एक मडकं आणायला माणूस कॉटन ग्रीनला कशाला जाईल?

दिवसकार्य उरकल्यावर मी विचारलं, हे सगळं कुणाचं आणि फेडायचं कुणाला? मामा म्हणाले, "कुणालाच नाही. तुमची पाळी आली की सांगेन." मी धसकाच घेतला. कसली पाळी? पुढे त्याच पाटल्या विकून मी भांडी घेतली आणि गिरणीतल्या लोकांसाठी खाणावळ घातली. तेव्हा एका सकाळी मामा दारात उभे. चुलीवर नजर टाकून म्हणाले, "चिंचपोकळीला एका घरी आज चूल नाही. भात जास्तीचा टाका." कोण गेलं, कुणाचं गेलं, सांगितलं नाही. डबा उचलून चालू पडले. मग तसे ते येतच राहिले, आणि मीही न विचारता भात टाकत राहिले.

एक दिवस सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, तुझा मामा एवढा चांगला, मग लग्नाला कसा आला नव्हता? मी हातातलं काम टाकलं. म्हटलं, माझे कुठले, ते तुमच्याकडचे ना? आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आधी हसू आलं, मग भीती वाटली. कुठल्या परक्याचं एवढं घेऊन बसलो आपण?

पुढच्या खेपेला मी त्यांना दारातच अडवलं. "मामा, तुम्ही नक्की कुणाचे?"

त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "घरचाच," म्हणाले, आणि डबा मागितला.

लोक काहीबाही सांगत. म्हणे त्यांची बायको आणि पोर साथीत गेली आणि मामा बोटीवर होते म्हणून दोघांनाही बेवारस नेलं. खरं की खोटं, देव जाणे. विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात लालबागेत तोरणं लागली होती, लेझीम चालली होती. मामा कुठे दिसत नव्हते. मग इस्पितळातल्या ओळखीच्या वॉर्डबॉयने निरोप आणला, की तुमचे मामा आमच्याकडे होते, सकाळी गेले. मी धावत पोचले तर तिथे आणखी तिघं उभी. माझगावचा एक फिटर, फणसवाडीतले एक मास्तर, कॉटन ग्रीनची एक म्हातारी. मी मास्तरांना विचारलं, मामा तुमचे का? ते म्हणाले, "छे हो, आम्ही समजत होतो फिटरांचे." फिटर म्हातारीकडे बघत होता आणि म्हातारी माझ्याकडे. कॉटन ग्रीनचं मडकं कुठून आलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

कारकून कंटाळला होता. रक्ताचं कुणी नसेल तर बेवारस म्हणून लावतो, म्हणाला.

खोटं कसं बोलायचं, आणि खरं तरी काय सांगायचं? शेवटी मीच म्हटलं, "बेवारस नाहीत. मी त्यांच्या घरची."

"नातं?"

"भाची."

"मी भाचा," फिटर म्हणाला. मास्तर पुढे झाले. मामांहून दहा वर्षांनी तरी मोठी असलेली ती म्हातारीही म्हणाली, "मीबी भाचीच, ल्हिवा." कारकुनाने चौघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी गिरणीतली माणसं जेवायला आली आणि दारातून परत गेली. मी चूल पेटवली नव्हती. बाहेर फटाके वाजत होते. अंधार पडताना कुणीतरी आत शिरलं, चुलीकडे पाहिलं आणि पिठलं-भाताचा डबा ठेवून गेलं. कुणाच्या घरचा, ते मी विचारलं नाही. सासूबाईंना वाढलं आणि मीही जेवले.