न टाकलेली पावडर

शेलार गावाच्या पुढे गोदामांची रांग संपते, तिथे टेकडीच्या कुशीत कातकऱ्यांची वीस घरांची वाडी आहे. ओढ्याच्या वाळूत खणलेल्या डवऱ्यातून वाटीवाटीने पाणी उपसून बायका हंडे भरत. गावचा पाणी सोडणारा दामू ते बघायचा आणि त्याचा जीव तुटायचा. सात वर्षं त्याने पंचायतीचा उंबरा झिजवला, नाही नाही ती बोलणी खाल्ली, पण वाडीला स्वतःची टाकी आणि नळ आणला.

पहिल्या दिवशी म्हातारी चंद्रा एक घोट प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "दामू, ह्यो नळ हाय का दवाखाना?"

"मावशे, टाकीत ब्लिचिंगची पावडर टाकावी लागती. जंतू मरतात."

"जंतू मरूदे न्हायतर जगूदे. माझा चहा नासला त्याचं काय? ह्या पान्यानं आमी भांडी घासू."

बायका हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डवऱ्यावर गेल्या. गावात लोक दामूला टोचू लागले, "काय रे, सात वर्षं भांडी घासायच्या पान्यासाठी फिरलास व्हय?"

ते त्याला लागलं. त्याने पावडर निम्मी केली, तरी वास राहिला. मग एका सकाळी त्याने पावडरीचा डबा उघडलाच नाही. टाकीत येणारं बोअरचं पाणी काचेसारखं, त्याला काय होतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. वाडी पाणी प्यायला लागली. चंद्रा त्याला हाक मारून चहा पाजू लागली. दामूला ते दिवस सणासारखे गेले.

श्रावणात गोदामाकडे जाणाऱ्या एका कंटेनरच्या चाकाखाली पाइपाचा सांधा दबला. गटाराचं पाणी आत झिरपत राहिलं, कुणाला वेळेवर कळलं नाही. वाडीत अकरा जणांना कावीळ झाली. दहा उठले. चंद्रा उठली नाही.

लोकांनी कंटेनरवाल्याला शिव्या घातल्या. दामूनेही मान डोलावली. पण पंधरा दिवसांनी तो चंद्राच्या सुनेच्या, भावनाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मी पावडर टाकीत न्हवतो, भावना. तुमी पानी प्यावं म्हनून."

भावना तांदूळ पाखडत होती. तिचा हात लगेच थांबला नाही. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "वास आमाला नको व्हता, ते खरं हाय. पन दादा, आमाला ठावं न्हवतं. तुला ठावं व्हतं."



आता तो रोज पावडर मापून टाकतो, सांधे हाताने चाचपून बघतो, वाडीचा व्हॉल्व्ह सोडतो. नळाखाली कुणी हंडा लावत नाही. बायका त्याच्यासमोरून ओढ्याकडे निघून जातात. हाक मारून थांबवावं असं त्याच्या फार मनात येतं. पण त्याच्या शब्दावर आता कुणी पाणी प्यावं, असं त्यालाच वाटत नाही.