कच्च्या दोऱ्याची शिवण

दुरुस्तीला गाडी आली की आमच्या अक्का आधी तिच्यात जाऊन बसायच्या. दारं-काचा लावून, डोळे मिटून वास घ्यायच्या. बाहेर आम्ही पत्र्याचे पोचे बघत उभे. थोड्या वेळानं काच खाली करून त्या सांगायच्या, "पाण्यात बुडलेली हाय ही." किंवा, "हितं ल्हान लेकरू ओकलंय. कापड बदलून भागायचं न्हाय, फोम काढावा लागंल."

जुन्या गाड्या घ्यायच्या आणि नव्यासारख्या करून विकायच्या, असं आमचं दुकान तामलवाडीजवळ हायवेला होतं. मी तिथं कागदपत्रं आणि गिऱ्हाईक सांभाळायचो. पुढं पेंटर पोचे काढून रंग मारायचा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अक्का सीटा शिवायच्या, छताचं कापड, दारांचे पॅड, डॅशबोर्डवरचं रेक्झीन बसवायच्या. रोज अणदूरहून एसटीनं यायच्या. वडील जीपची हूडं शिवायचे, त्यांच्याजवळ बसून शिकलेल्या. नवरा नांदवेना म्हणून माहेरी परत आल्या आणि वडिलांच्या मशीनवर बसल्या, त्या बसल्याच. रेक्झीन चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं दमा जडला होता. तोंडाला कायम पदर बांधलेला असायचा, त्यामुळं त्या हसल्या तरी फक्त डोळ्यांवरून कळायचं.

तुम्ही कधी जुनी गाडी घ्यायला गेला असाल, तर आधी रंगच बघितला असेल. सगळेच बघतात. शिवणीवरून हात फिरवणारं गिऱ्हाईक विरळा.

एकदा एक मास्तर सीटवरची जळकी भोकं बुजवून घ्यायला आले. "उदबत्ती पडली," म्हणाले. अक्कांनी गाडीत बसून वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, ही उदबत्ती तोंडात धरून वढायची हाय का?" मास्तर लाजले. अक्कांनी भोकं अशी बुजवली की मास्तरांच्या बायकोला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

काम हातात घेताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "झाकते म्या. पण आत काय हाय ते आधी सांगा."

सगळी शिवण त्या जाड नायलॉनच्या दोऱ्यानं घालायच्या. फक्त डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, जिथं आत एअरबॅग असते, तेवढ्या वीतभर जागेत दोरा बदलायच्या. साधा, हातानं तुटेल असा कच्चा दोरा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "येळ आली की फुगा भाइर आला पाहिजे, भाऊ. माझ्याच टाक्यानं त्याला आडवलं तर?"

मग ती चंदेरी गाडी आली. तोंड पार चेपलेलं, दोन्ही एअरबॅगा फुटून बाहेर लोंबत होत्या. दुकानाच्या मालकांनी ती भंगाराच्या भावात उचलली होती. पेंटरनं पत्रा सरळ केला, रंग मारला. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "नव्या बॅगा बसवायच्या नाहीत. नुसतं झाकून घ्या. बाईला म्हणावं, बसवल्यात."

मी शेडमध्ये गेलो. अक्कांनी रेक्झीन कापून ठेवलं होतं.

"फुगा बसवला का, भाऊ?"

"बसवला. कालच माणूस येऊन गेला."

सात वर्षं आम्ही एकत्र काम करत होतो. त्यांनी मान हलवली आणि मशीनवरचा दोरा बदलला. त्या कच्च्या दोऱ्याची वीतभर शिवण घालताना मी बघत उभा होतो. तेव्हा बोलता आलं असतं. बोललो नाही.

गाडी भूमच्या एका निवृत्त कंडक्टरांनी घेतली. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि शिवणारीला भेटायचंच म्हणाल्या. अक्का तोंडावरचा पदर सोडून बाहेर आल्या. "ह्यांनी सारा जन्म गाडीत काढला आन् म्या घरात," बाई हसत म्हणाल्या. "आता म्या फुडंच बसणार." अक्कांनी त्यांना हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं.

चार महिन्यांनी ती गाडी टोचन करून आमच्या आवारात आणून टाकली. भर दुपारी उसाचा ट्रॅक्टर अचानक वळला होता. कंडक्टरांचा उजवा हात गेला होता. पुढं बसलेल्या बाई जागेवरच गेल्या. पट्टा लावलेला होता.

अक्का शेडमधून आल्या. दार उघडेना, म्हणून फुटलेल्या काचेतून आत वाकल्या आणि शिवणीवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत राहिल्या.

"टाका उसवला न्हाय," त्या म्हणाल्या.

ब्लेड आणून त्यांनी स्वतःच ती शिवण कापली. आत पोकळी होती आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन वायरी.

"तुमी बसवलाय म्हणला हुता."

"मालकांनी सांगितलं, अक्का, म्हणून मी..."

"म्या मालकाला न्हाय इचारलं. तुमाला इचारलं हुतं."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं भूमला गेल्या आणि कंडक्टरांना सगळं सांगितलं. त्यांच्याबरोबर पोलिसात जाऊन जबाब दिला. झाकलं कोणी, या प्रश्नावर म्हणाल्या, "म्या." मालकांनी कागद दाखवला, गाडी आहे त्या स्थितीत विकली म्हणून. फुगा असता तरी बाई वाचल्या असत्या का, हे कोणालाच छातीठोक सांगता येईना. प्रकरण रेंगाळलं. मालकांचं दुकान चालूच राहिलं. अक्कांना मात्र तामलवाडीपासून अणदूरपर्यंत कोणी सीट शिवायला देईना. "ती बाई पोलिसात जाती," एवढंच लोक बोलायचे. त्या रोजानं खुरपायला जायला लागल्या. मला मात्र कोणीच काही विचारायला आलं नाही. सुटलो, असं वाटलं मला.

दीड वर्षानं त्या दम्यानं गेल्या. मी मातीला गेलो नाही. महिनाभरानं नोकरी सोडली आणि भूमला गेलो.

कंडक्टरांनी मला ओळखलं. डाव्या हातानं तांब्या उचलून माझ्यासाठी पाणी ओतलं, थोडं सांडलं. अक्का गेल्याचं मी सांगितलं.

"ती बाई ह्या दारात आली आन् म्हणली, माझ्या हातानं झाकलंय," ते म्हणाले. "म्या लई बोललो तिला. उनाची आलती, पाणी सुदिक इचारलं न्हाय."

मग मी सांगितलं. अक्कांनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, सगळं. तांब्या आमच्या दोघांच्या मधे होता. पेल्याला मी हात लावला नव्हता.

त्यांनी मला ना शिवी दिली, ना ऊठ म्हणाले. मग विचारलं,

"मंग जबाबात त्या बाईनं तुमचं नाव का न्हाय घेतलं?"