गुरुवारची शांतता

माझं काम गप्प बसण्याचं आहे, हे आईला मी आजवर पटवू शकलेले नाही. हिंजवडीतल्या कंपन्यांमध्ये मी कार्यशाळा घ्यायचे. खुर्च्या गोल मांडायच्या, माणसं बसवायची, एक प्रश्न विचारायचा आणि मग कुणीतरी बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सगळं कसब त्या शेवटच्या भागात. लोक चुळबुळतात, बाटलीचं झाकण उघडतात, पुन्हा लावतात, छताकडे बघतात. आणि मग एखादा असं काही बोलून जातो, जे त्याने घरीही कधी काढलेलं नसतं. तेवढ्यासाठी मी कंपनीच्या कॅबमधून धक्के खात जायचे.

लॉकडाऊन लागला आणि खुर्च्या, कॅब, माणसं सगळंच बंद झालं. भुकूमची भाड्याची खोली सोडून मी माले या आमच्या गावी आईकडे आले. पौडात भावाचं हार्डवेअरचं दुकान. तो म्हणाला, "ताई, तुझं त्ये गोल बसायचं आता कुटं चालनार हाय? दुकानात ये की." मायेनेच म्हणाला, पण मला असा संताप आला की मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मग ऑनलाइन सुरू केलं. स्क्रीनवर गोल नसतो, चौकोन असतात, आणि तेही प्रत्येकाला वेगळ्याच क्रमाने दिसतात. "आता तुमच्या उजवीकडचे बोलतील," असं मी सवयीने म्हणाले, तर तिघे एकदम बोलायला लागले, मग तिघेही एकदम गप्प झाले आणि एकमेकांना "नाही, तुम्ही बोला" म्हणत बसले. हे सोसलं असतं. पण मी गप्प बसले की लगेच सुरू, "मॅडम, आवाज येत नाहीये." "मॅडम फ्रीझ झाल्या." अहो, फ्रीझ नाही झाले, वाट बघतेय. पण हे सांगायला बोलावं लागायचं, आणि बोललं की शांतता संपली. आई दारातून बघायची. "तू बोलत न्हाईस, ती बी बोलत न्हाईत. ह्याला काम म्हनायचं व्हय?" मला वाटायला लागलं होतं की आईचं खरं आहे.

अशात परदेशातल्या एका संस्थेचा निरोप आला. वेगवेगळ्या देशांतल्या नर्स, त्या वर्षाने पार पिळून निघालेल्या. त्यांना कुणीतरी बोलतं करायला हवं होतं. आयोजक बाई म्हणाल्या, एक बैठक करून बघू, जमली तर वर्षभर करू. मी मनाशी ठरवलं, हीसुद्धा फसली तर गुमान भावाच्या दुकानात खिळे मोजायला बसायचं.

म्हणून यावेळी पक्का बंदोबस्त केला. सुरुवातीलाच सांगितलं, "प्रश्न विचारल्यावर मी माझा कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद करीन. मी असेन, पण दिसणार नाही. माझी वाट बघू नका. 'ऐकू येतंय का' असं कुणीही विचारायचं नाही." कुणी सकाळचा चहा घेत होती, कुणाच्या खिडकीत दिवस मावळत होता. सगळ्यांनी माना हलवल्या. मी विचारलं, "या दिवसांत कुणालाच सांगता आलं नाही, असं तुमच्याजवळ काय आहे?" आणि कॅमेरा बंद केला.

डोक्यावरचा पंखा थांबला.

गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लॉकडाऊनमध्ये मला वारांचं भान उरलं नव्हतं. आयोजक बाईंनी गुरुवार म्हटलं आणि मी खुशाल हो म्हटलं. लाइटबरोबर वायफाय गेलं. मोबाइलची रेंज घरात नाहीच, ती वरच्या बांधावर. मी चप्पल न घालता धावले. बांधावर शेजारच्या धनगर मावशी शेरडं घेऊन उभ्या होत्या. "लाईट गेली व्हय?" त्यांनी विचारलं. मी हात जोडले आणि फोन डोक्यावर धरून फिरायला लागले. त्या शेरडं हाकत बाजूला झाल्या. मला रडू येत होतं.

शेवटी जोडलं गेलं. कोपऱ्यातल्या चौकोनातली एक नर्स डोळे पुसत होती. बाकीच्या हलत नव्हत्या. एकीने छातीवर हात ठेवला होता. कुणीही बोलत नव्हतं आणि कुणीही काही विचारत नव्हतं. हीच ती शांतता, जी मी इतके महिने शोधत होते. ती माझ्याशिवायच आली होती, आणि त्या नर्सने जे सांगितलं ते मी ऐकलंच नव्हतं.

बैठक संपताना आयोजक बाई म्हणाल्या, "तुम्ही किती धीर धरलात. मी असते तर मध्येच बोलले असते."

"माझी लाइट गेली होती," मी म्हणाले. "मी नव्हतेच."

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळ्या हसल्या, डोळे पुसणारी ती नर्ससुद्धा. मी तिला विचारलं, मघाशी जे बोललात ते सवड मिळेल तेव्हा मला एकटीला सांगाल का? तिने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "ते एकदाच जमलं."

वर्षभराचं काम मिळालं. आईला सगळं सांगितलं, तर तिने विचारलं, "काय म्हनली ती रडनारी नर्स?"

"माहीत नाही."

"मग तू कशाला व्हतीस तितं?"

वर्षभर बैठका झाल्या, गुरुवार सोडून, आणि ती नर्स येत राहिली. ती मुलांबद्दल बोलायची, ड्यूटीबद्दल बोलायची, मला आवर्जून आईची खुशाली विचारायची. बोलता बोलता तिचा आवाज कापरा झाला की बाकीच्या सगळ्या एकदम गप्प व्हायच्या, कशामुळे ते त्यांना ठाऊक असायचं. मीही गप्प बसायचे. मला तेवढंच करता येत होतं.