जड ळ

माणसाचा पासवर्ड कळला की माणूस कळतो, असं माझं जुनं मत आहे. आमच्या घराण्यात संगणकातलं जरा समजणारा मी एकटा, म्हणजे आंधळ्यांत काणा राजा. त्यामुळे कुणाचं काही अडलं की सगळे महाडला माझ्याकडे येतात आणि पासवर्ड बिनदिक्कत सांगून टाकतात. बिरवाडीचा माझा मेव्हणा कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही, पण त्याचा पासवर्ड म्हणजे त्याने विकलेल्या बैलाचं नाव. माझ्या बायकोने तिच्या भावाचं नाव ठेवलंय. माझं का नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर झेपलं नसतं. आणि मी, दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा, कित्येक वर्षं ‘उघड’ हा शब्द इंग्रजीत लिहून कुलूप लावत होतो.

न सांगणारी एकच निघाली. आमची थोरली वहिनी.

वहिनीची नववीत शाळा सुटली आणि लग्न झालं. आता मुलं मार्गी लागल्यावर तिने मुक्त शाळेतून दहावीचा फॉर्म भरला, तोही स्वतःच्या फोनवरून, कुणाला न विचारता. पहिल्या पेपराच्या आदल्या दिवसाची गोष्ट. हॉल तिकीट काढायला निघायच्या आधी पाणी शेंदताना पासवर्ड लक्षात ठेवणारा तो फोनच विहिरीत पडला, सिमकार्डासकट. नवं सिम चालू होऊन त्यावर पासवर्ड बदलायचा कोड यायला वेळ होता. तिकीट नाही तर परीक्षा नाही. मग दादा तिला मोटारसायकलवर घालून तुडील गावाहून थेट माझ्या दारात.

“पासवर्ड सांगा वहिनी,” मी खुर्ची ओढत म्हटलं.

“नाय सांगणार.”

“अगो, पासवर्ड हाय का गुप्तधन?” दादा म्हणाला. “तू टाक रे माझं नाव. दुसरं काय असणार?”

खरं म्हणजे वहिनीचा चेहरा बघून मी थांबायला हवं होतं. पण दादाचा आत्मविश्वास जबरदस्त. टाकलं. चूक.

“तुमचं नाव कशाला?” वहिनी म्हणाली. “ते दिवसभर घेतेच की. पोरं फोन उचलत नायत तेव्हा तर जास्तच.”

स्वयंपाकघरातून माझी बायको खो खो हसली. मग मी अक्कल पाजळली. बाईमाणूस, म्हणजे लेकीचं नाव असणार. तेही चूक. शेवटी वहिनीने मला उठवलं, स्वतः बसली, आणि एकेक अक्षर शोधत, पाखडलेल्या तांदळातले खडे वेचावेत तसं लिहिलं. पडद्यावर नुसते काळे ठिपके. तेही चूक! खाली लाल अक्षरांत सूचना आली : आणखी एकदा चुकलात तर खातं उद्यापर्यंत बंद.

आता कुणी हसलं नाही.

“पहिलं अक्षर मोठं ठेवलं होतंत?” मी विचारलं.

“फोनवर मोठं होतं. इथे मोठं कसं काढतात?”

“वहिनी, ही शेवटची संधी. मीच टाकतो, आता सांगाच.”

तिने दादाकडे बघितलं. “तुम्ही जरा भायेर जा.” दादा बाहेर गेला, पण चपला घातल्याचा आवाज आला नाही. म्हणजे दाराआडच.

वहिनीने हळू आवाजात ते नाव सांगितलं. तिचं माहेर पोलादपूरच्या वर डोंगरात. तिच्याआधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून वडिलांनी हिला मुद्दाम असं नाव ठेवलं की यमालाही उचलावंसं वाटू नये. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी बरं नाव घातलं, लग्नात आम्ही तिसरं ठेवलं. हे पहिलं नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

“लाज वाटायची भावजी. पण त्या नावाने हाक मारणारं कोण उरलं नाय आता. म्हटलं, कुठेतरी लिवलेलं असू दे.”

ते नाव मी इथे लिहीत नाही. खातं अजून चालू आहे.

ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतील असं करून मी पहिलं अक्षर मोठं टाकलं, पुढचं झरझर लिहिलं आणि बटण दाबणार तोच तिने माझं मनगट धरलं.

“थांबा! एकच एल?”

“मग?”

“ल नाय तो, ळ हाय. जड अक्षर. एका एलने कसं भागेल? दोन घातले होते मी.”

इंग्रजीत मी पदवीधर आहे. मी मुकाट्याने दुसरा एल घातला, आणि खातं उघडलं. छपाईयंत्राने कुरकुरत वहिनीचा फोटो असलेला कागद बाहेर ढकलला. तिने तो फुंकर घालून सुकवला, जणू पोळीच तव्यावरून काढलीय.

दादा आत आला. “काय नाव होतं गो?”

“पेपराला नेऊन सोडा. वाटेत सांगीन.”

दुसऱ्या दिवशी तिला परीक्षेला सोडून दादा माझ्याकडे चहाला आला. मला राहवलं नाही. “सांगितलं का रे वहिनीने?”

“सांगितलं.” बशीत चहा ओतत तो म्हणाला, “गेटातून आत चालली तेव्हा मागून त्याच नावाने हाक मारली. केवढ्याने वळली!”

“कोणतं नाव?” मी साळसूदपणे विचारलं.

“तुला कशाला?” दादा म्हणाला. “पासवर्ड हाय तो.”